रिकाम्या जागेपुढचं फूल

१

टेबलावर लॅपटॉप होता, झेंडूची दोन फुलं होती, चार अक्षता होत्या. कार्ड तेवढं नव्हतं.

मितालीने टेबलाखाली वाकून बघितलं, मॉनिटरच्या मागे हात घातला, कचऱ्याची टोपली उलटी केली. काही नाही. तेवढ्यात मागून यतिनकाकांचा आवाज आला, "काय गं, कुठंय? दाखव ना."

कार्ड म्हणजे काही बँकेचं कार्ड नाही. 'कॅप्स अँड केप्स' नावाची बेसबॉल कार्डांची एक जुनी सिरीज होती. प्रत्येक कार्डावर एक खरा प्लेयर आणि त्याच्या जोडीला कॉमिकमधला एक सुपरहिरो. या कार्डावर होता मिक ड्रिस्कॉल, आणि त्याच्या अंगातूनच उडी मारून बाहेर यावा तसा रेड बाउंडर, म्हणजे लाल कांगारू-हिरो, सिडनीच्या बिल्डिंगांवरून झेप घेणारा. दोघं एकमेकांत असे मिसळलेले की खांद्यावरची बॅट नक्की कुणाची तेच कळू नये. हिरोच्या बाजूला चित्रकाराची निळी सही होती. प्लेयरची बाजू कोरी. चित्रकार आता या जगात नाही, म्हणजे त्याची सही आता दुसऱ्या कुठल्या कार्डावर येणार नाही. आणि मिक ड्रिस्कॉल आज दुपारी चार वाजता सिडनीतल्याच स्कोफिल्ड्सच्या ग्राउंडवर येणार होता, यतिनकाकांच्या ज्युनिअर टीमच्या सीझन ओपनिंगला. तिथे तो सही करणार होता.

कार्ड कॉलिनचं. कॅसल हिलला कॉलिनचं कार्डांचं दुकान आहे, तिथे मिताली तीन महिने कामाला होती. इयर इलेव्हन अर्ध्यात सोडल्यापासून घरात रोज भांडण. शेवटी पपांनी अट घातली होती. ही नोकरी ख्रिसमसपर्यंत टिकव, नाहीतर कॅनबेरातल्या गुंगालिनला चित्रलेखा आत्याकडे जायचं आणि मुकाट्याने शाळा पुरी करायची. आत्याकडे संध्याकाळी सातला वायफाय बंद होतं.

पण खरं सांगायचं तर वायफायचं नव्हतं. काल दुकान बंद करताना कॉलिनने ते कार्ड बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून तिच्या हातात दिलं होतं. "यू टेक इट," एवढंच म्हणाला. दोन वर्षांत कुणीतरी तिला काहीतरी सांभाळायला दिलं ते हे पहिल्यांदा.

आणि ते तिने दुसऱ्याच दिवशी घालवलं होतं.

२

दसऱ्याचा शनिवार. घरात पुरणाचा वास, गॅरेजमध्ये झेंडूच्या माळा. मिताली आठ वाजता यतिनकाकांकडे, म्हणजे पपांच्या मित्राकडे, आली होती. काका ग्राउंडवर पांढऱ्या रेषा मारायला गेलेले, म्हणून त्यांना आल्या आल्या दिसावं असं तिने कार्ड डब्यातून काढून त्याच्या प्लास्टिकच्या केससकट त्यांच्या स्टडीतल्या मॉनिटरला टेकवून उभं केलं, फ्रेमसारखं. मग ती गॅरेजमध्ये माळा करत बसली. साडेअकराला काका आले, आणि हे असं.

सगळं घर शोधलं. सोफ्याच्या फटी, कपाटं, गाडी, बॅटींच्या बॅगा. बाराला काकांचा पारा चढला. या कार्डासाठी ते वर्षभर कॉलिनच्या मागे लागले होते आणि कॉलिनने दर वेळी नाही म्हटलं होतं, तो राग वेगळाच.

"तू आणलंस, तू ठेवलंस," ते म्हणाले. "बाकी कुणाला माहीत तरी होतं का ते काय आहे ते?"

"म्हणजे मी चोरलं?"

"मी तसं नाही म्हणत."

"मग कसं म्हणताय? सांगा ना, मी शाळा सोडलेली आहे, मला सरळ बोललेलंच कळतं."

तिने हातातली टोपली अशी आपटली की टोपलीचा कान तुटला. दीप्तीकाकू किचनच्या दारात पदराला हात पुसत उभ्या होत्या. त्यांचं तोंड उघडलं, परत मिटलं. आणि काकांनी तिथल्या तिथे मितालीच्या पपांना फोन लावला. स्पीकरवर नव्हता, तरी पपांचं "परत काय केलं तिने?" तिला ऐकू आलं.

ते "परत" तिच्या डोक्यात जाऊन बसलं.

"मला चारपर्यंत वेळ द्या," ती म्हणाली. "कुणी घराबाहेर जायचं नाही."

"मला तर जायचंय गं," जिन्यावरून आवाज आला.

३

जिन्यावर प्रतीक्षा होती, वरच्या खोलीत भाड्याने राहणारी, नर्सिंगची स्टुडंट. पांढराशुभ्र कुडता, पांढरी ओढणी. आज धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम होता, तिची राइड एक वाजता येणार होती. मितालीला आधी तिचाच संशय आला, कारण प्रतीक्षा फेसबुक मार्केटप्लेसवर कायम काही ना काही विकत असायची.

"माझी बॅग बघ," प्रतीक्षाने जिन्यावरच बॅग उलटी केली. चार्जर, डबा, मेणबत्त्या, वंदनेचं पुस्तक. "सकाळपासून मी वरच आहे. खाली पूजा चाललेली, मी कशाला मध्ये येऊ? नऊ वाजता एकदा पाणी प्यायला आले तेव्हा आजोबा ओल्या हळदीची वाटी घेऊन घरभर फिरत होते. मी म्हटलं, माझ्या कुडत्यापासून लांब राहा हं. ते हसले. चार दिवसांत पहिल्यांदा."

"चार दिवस का?"

प्रतीक्षाने आवाज खाली केला. मंगळवारी आजोबांनी इलेक्ट्रिक केटल गॅसवर ठेवली होती. बुड वितळलं, घरभर धूर, फायर अलार्म. यतिनकाका त्यांना इतकं बोलले की आजोबा खोलीतून बाहेरच येईनात. येत्या मंगळवारी त्यांची परतीची फ्लाइट होती.

यादवआजोबा म्हणजे यतिनकाकांचे वडील. नाशिकला कारखान्यात छत्तीस वर्षं लेथ चालवलेला माणूस, एका डोळ्यात मोतीबिंदू. ते मागच्या खोलीत पलंगावर बसले होते. मितालीने सकाळच्या पूजेचं विचारलं तसे खुलले. कारखान्यात दसऱ्याला मशीन बंद, सगळं पुसून चकाचक, स्क्रू ड्रायव्हरलासुद्धा हळदकुंकू. ज्याच्यावर पोट चालतं त्याला वर्षातून एकदा हात जोडायचे. इथेही त्यांनी काही सोडलं नव्हतं.

"लॅपटॉप झाला, ड्रिल झालं, ते गवत कापायचं यंत्र झालं, पोरांच्या बॅटी, हेल्मेटं, मारुतराया, गाडी, कपडे धुवायचं मशीन. ओलं गंध केलं होतं चांगलं, सुकी हळद उडते."

"तुम्ही कार्ड बघितलंत का, आजोबा? टेबलावरचं?"

"कार्ड-बिर्ड नाही बाई. बेसबॉलचं ना? असलं असतं तर त्यालाही लावलं असतं. इतकं काय त्यात?"

खोटं बोलणारा माणूस असा बोलत नाही, हे तिला दुकानात बसून कळलेलं होतं. खोटं बोलणारा आधी किंमत विचारतो.

बाहेर पडताना तिला काहीतरी टोचलं. काय ते कळेना.

४

दीप्तीकाकू किचनमध्ये कमी आणि मागच्या अंगणात जास्त होत्या. तिथे टेबलावर प्लास्टिक अंथरून साबुदाण्याच्या पापड्या वाळत घातलेल्या, मॅगपाय पक्षी चोच मारतात म्हणून वर पांढरं पातळ फडकं. मितालीने त्यांना पाच मिनिटं प्रश्न विचारले. तेवढ्यात त्यांनी ते टेबल दोनदा सरकवलं, सावली जवळ आली म्हणून. गॅसवर आमटी उतू गेली तिकडे मात्र लक्ष नव्हतं.

काकू म्हणाल्या, मी सकाळपासून पुरण वाटतेय, स्टडीत गेलेच नाही. म्हणाल्या, मिळेल गं, कुठे जातंय. आणि मग अगदी हळू, "तुझे पपा फार रागावले का?"

मिताली पाठ फिरवून घरात निघाली. बोलली असती तर रडली असती, आणि रडण्यापेक्षा तिला टोपल्या आपटणं सोपं जायचं.

ती परत स्टडीत आली आणि दार लावून घेतलं. गुन्हा जिथे झाला तिथेच सगळं पडलेलं असतं, आपण फक्त ओरडण्यात वेळ घालवतो. तिने टेबलाकडे नुसतं बघितलं.

लॅपटॉपच्या झाकणावर हळदीच्या गंधाचं बोट, पुढे एक फूल, दोन अक्षता. ठीक. पण दुसरं फूल आणि बाकीच्या दोन अक्षता कुठे होत्या? मॉनिटरच्या बरोबर समोर. त्या फुलाच्या मागे काहीच नव्हतं. मॉनिटरला गंधही नव्हतं.

रिकाम्या जागेला कोण फूल वाहतं?

तिने किल्ल्यांच्या जुडग्यातला छोटा टॉर्च काढला. जांभळ्या उजेडाचा, दुकानातला. खोटं कार्ड नव्या कागदावर छापलेलं असलं की या उजेडात पांढरंनिळं चमकतं. काल कॉलिनला हसवायला तिने आपल्या जेवणाच्या डब्यावर मारला होता, तेव्हा झाकणाची हळद पेटल्यासारखी हिरवट पिवळी झाली होती. तिने पडदे ओढले आणि टॉर्च लावला.

फुलाच्या मागे, जिथे कार्ड उभं होतं तिथे, टेबलावर एक पुसून टाकलेला ओघळ पेटला. तिथून एक थेंब दाराकडे. दाराच्या कडीवर अख्खं बोट. पुढे पॅसेजमध्ये एक थेंब, मग एक, थेट लाँड्रीपर्यंत.

लाँड्रीला खिडकी नाही. तिने दार लावून टॉर्च सिंकमध्ये मारला, आणि अख्खं सिंक हिरवंपिवळं उजळलं. सिंकमागे, मशीनच्या फटीत, एक छोटा टॉवेल कोंबलेला होता. तिने तो ओढून काढला आणि दिवा लावला.

टॉवेलवर लाल डाग होता. रक्तासारखा.

५

यतिनकाका टॉवेल बघून पांढरे पडले. कुणाचं कापलं, कुणाला लागलं, सुरू झालं त्यांचं. मितालीने त्यांना खुर्चीत बसवलं.

"रक्त नाहीये. हळद आहे. कपड्याची पावडर लागली की हळद लाल होते. माझी आई वरणाचा डाग धुताना दर वेळी घाबरते."

मग तिने सगळ्यांचे हात बघितले. काका सकाळभर ग्राउंडवर होते, त्यांच्या बोटांवर फक्त रेषांची पांढरी पावडर. प्रतीक्षाचा कुडता उजेडात निळाशार चमकला, सर्फच्या जाहिरातीसारखा, पिवळा ठिपकासुद्धा नाही. ओली हळद हाताळून पांढरे कपडे एवढे कोरे कुणाचे राहत नाहीत. तिची राइड आली, मितालीने तिला जाऊ दिलं. आजोबांची दहाही बोटं पेटलेली. काकूंचीही. मितालीची स्वतःचीसुद्धा, कारण तिने अकरा वाजता कटाची आमटी ढवळली होती. मराठी घरात हात तपासून काही उपयोग नाही, हे तिला उशिरा सुचलं.

तीन वाजून गेले होते. ती देव्हाऱ्यासमोर जमिनीवर बसली, कारण बाकी सगळीकडे कुणी ना कुणी होतं. गणपती, देवी, बाळकृष्ण, शंख. पाटावर तांदळात काढलेली सरस्वती आणि तिच्यापुढे घरातल्या पुस्तकांची चळत, वर फुलं. गणपती, देवी, बाळकृष्ण, शंख.

मारुती नव्हता.

मघाशी टोचलेलं होतं ते हे. आजोबा म्हणाले होते, बॅटी, हेल्मेटं, मारुतराया, गाडी. ती उठून घरभर भिंती बघत फिरली. कुठल्याच भिंतीवर मारुती नव्हता. ती आजोबांच्या खोलीत गेली.

"आजोबा, मारुतराया कुठं होता?"

"यतिनच्या टेबलावर. बरं वाटलं मला, म्हटलं पोरगा देवाचा फोटो समोर ठेवून कामाला बसतो. लाल अंग, ही एवढी शेपूट, खांद्यावर गदा, उड्डाण करतोय." त्यांनी हाताने झेप दाखवली. "छातीवर गंध लावलं, फूल वाहिलं. का गं?"

मितालीने डोळे मिटले. पहिल्यांदा हसू आलं, मग ती एकेक करून जोडत गेली. आजोबांनी केसवर ओलं गंध लावलं आणि हात जोडून निघून गेले. त्यांच्या लेखी काही बिघडलंच नव्हतं, मग धुवायला कशाला जातील? पुसायला गेला तो दुसराच कुणीतरी. त्याला कार्डाचं मोल माहीत होतं. त्याने घासलं, डाग लाल झाला, तो घाबरला. आणि हळदीचा न जाणारा डाग घालवायचा एकच उपाय प्रत्येक मराठी घरात माहीत असतो.

ऊन.

ती पळत मागच्या अंगणात गेली. कॉलिनने दुकानात भिंतीवर एकच नियम लिहून लावला होता, ऊन नाही. उन्हाने शाई उडते, आणि ती निळी सही पुन्हा करायला माणूस नव्हता. सकाळपासून हे ऑक्टोबरचं सिडनीचं ऊन. तिने पापड्यांवरचं फडकं ओढून काढलं.

पापड्यांच्या मधोमध केस होती. पिवळसर, उघडी. रिकामी.

६

"मी सांगते," मागून दीप्तीकाकू म्हणाल्या.

त्या पायरीवर बसल्या, बसल्या म्हणजे कोसळल्याच. साडेनऊला त्या स्टडीत व्हॅक्यूमचं चार्जर आणायला गेल्या होत्या. बघतात तर कार्डावर हळद, ओघळ खाली सांडलेला. हे बाबांचं काम हे त्यांना लगेच कळलं. यतिनने बघितलं असतं तर केटलचं परत निघालं असतं, आणि म्हातारा माणूस तीन दिवसांनी विमानात बसणार होता ते हेच घेऊन.

"मला वाटलं तासाभर उन्हात ठेवलं की डाग उडेल आणि गुपचूप जागेवर ठेवीन. प्लास्टिकने डाग इतका धरून ठेवला. मग यतिन आला."

"आणि पपांना फोन केला," मिताली म्हणाली. तिचे कान तापले होते. "तुम्ही तिथेच उभ्या होतात, काकू. तीन तास मी चोर होते. एका माणसाला वाचवायला तुम्ही दुसरं माणूस दिलंत, कारण माझं नाव आधीच खराब आहे."

काकूंनी मान खाली घातली. "हो," एवढंच म्हणाल्या. "चुकले मी."

कबुलीची मितालीला सवय नव्हती. तिला काय करावं कळेना, म्हणून ती पापडी मोडून खाऊ लागली. कच्ची होती.

"कार्ड कुठंय ते मी सांगू?" ती म्हणाली. "उन्हात नाही ठेवलंत, एवढं तुम्हाला कळतं. ओलं होणार नाही, वाकणार नाही, अंधार पाहिजे. आणि घरात आज सगळं उलटंपालटं केलं, एक जागा सोडून. कारण पूजेला ठेवलेल्या पुस्तकाला उद्यापर्यंत कुणी हात लावत नाही. मीसुद्धा नाही लावला, आणि मी तर पुस्तकांना एरवीही लावत नाही."

काकू रडता रडता हसल्या.

सरस्वतीपुढच्या चळतीतलं तिसरं पुस्तक, काकूंचं इंजिनिअरिंगचं जाडजूड. मितालीने आधी हात जोडले, मग पुस्तक काढलं. पान चारशेच्या आसपास, टिश्यूच्या घडीत, मिक ड्रिस्कॉल खांद्यावर बॅट टाकून उभा होता. रेड बाउंडर झेप घेत होता. निळी सही जशीच्या तशी. कार्डाला हळदीचा वाससुद्धा नाही, केसच्या आत काही गेलंच नव्हतं.

तिच्या छातीतून इतका मोठा श्वास बाहेर पडला की सरस्वतीच्या नाकाचे दोन तांदूळ हलले.

वर बघितलं तर दारात यतिनकाका होते, आणि त्यांच्या मागे आजोबा. दोघांनी किती ऐकलं कोण जाणे. आजोबा पुढे आले, चष्मा काढून पुसला, कार्ड डोळ्यांजवळ नेऊन बघितलं.

"फूल मी वाहिलं, यतिन," ते म्हणाले. "काय बोलायचं ते मला बोल. या पोरीला नको, सुनेला नको. हा मारुती नाही का?"

"नाही, बाबा."

"मग कोण?"

काकांनी वाकून कार्ड बघितलं. "कांगारू," शेवटी म्हणाले.

"शेपूट तर आहे."

"आहे, बाबा."

"गदा?"

"बॅट आहे ती." आणि यतिनकाकांचा चेहरा आधी कसातरीच वाकडा झाला, मग ते हसायलाच लागले, भिंतीला टेकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आजोबांनाही हसू फुटलं. हसता हसता काकांनी वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, केटल पस्तीस डॉलरची होती, बाबा, मी उगाच बोललो.

मितालीला हसायची घाई नव्हती. "काका," ती म्हणाली, "आधी पपांना फोन."

"ग्राउंडवरून करतो ना, उशीर होतोय."

"आत्ता. आणि या वेळेला स्पीकरवर."

काकांनी लावला. नीट बोलले, काहीही न गाळता, सॉरीसकट. पलीकडे पपांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मितूला सांग, सही करतानाचा फोटो पाठव म्हणावं."

चार वाजून दहा मिनिटांनी ग्राउंडवर मिक ड्रिस्कॉलने सही केली. म्हातारा, गुडघ्याने लंगडणारा, पण हात असा स्थिर की मितालीने फोटोऐवजी आधी तो हातच बघितला. कॉलिनही आला होता, तो बाजूला उभा होता. त्याने केस उचलली, भुवया वर केल्या, मग खिशातून आपला टॉर्च काढून हाताच्या सावलीत केसवर मारला. रेड बाउंडरच्या बरोबर छातीवर एक हिरवटपिवळा ठिपका पेटला.

मितालीने त्याला सगळं सांगितलं. उभं कुणी ठेवलं इथपासून. ती चूक तिचीच होती, ती तिने लपवली नाही. कॉलिन ऐकत होता, मध्येच आजोबांकडे बघत होता. आजोबा बाकावर बसून ड्रिस्कॉलला हाताने झेप कशी घ्यायची ते मराठीतून समजावत होते.

"कार्डाला नवीन केस देऊ का?" तिने विचारलं.

"नाह," कॉलिन म्हणाला. "लीव्ह इट ऑन, मेट."

त्याने कार्ड त्याच केसमध्ये घातलं, केस बिस्किटाच्या डब्यात ठेवली, झाकण दाबून बसवलं. आणि कारकडे जाताना, काहीच झालं नाही अशा थाटात, डबा परत तिच्या हातात दिला.